तुमची क्षिप्रा

"मॅडम, जगभर रोज हा एवढा कचरा पाठवतं तरी कोण? म्हणजे, तुमच्या ओळखीत आहे का एखादा?"

क्षिप्राने उभं राहून, मान ताठ ठेवून, खणखणीत आवाजात विचारलं आणि शाळेच्या हॉलमध्ये दहावीच्या रांगेत खसखस पिकली. अमिषाने तर तोंडात ओढणीच कोंबली. प्रश्न तिचाच होता ना! व्याख्यान सुरू झाल्यापासून ती आणि मानसी क्षिप्राला दोन्ही बाजूंनी कोपरं मारत होत्या, "विचारून दाखव, मग मानलं. विचारलंस तर उद्याची फणसपोळी तुझी." फणसपोळीसाठी क्षिप्राने याहून भयंकर गोष्टी केल्या असत्या.

कोपऱ्यात उभे असलेले संगणकाचे संघर्ष सर डोळे वटारत होते. पण पाहुण्या जयमाला मॅडम हसल्या. खारघरला एका कंपनीत मेलमधला कचरा वेगळा काढायचं काम त्या करत, आणि आज दिवेआगरच्या शाळेत त्याबद्दलच सांगायला आल्या होत्या.

"छान प्रश्न आहे. बस. तुझ्याच प्रश्नासाठी मी थांबले होते म्हण ना."

क्षिप्रा बसली ती फुलूनच. तीन वर्षांपूर्वीची क्षिप्रा असती तर हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा तिचा घसा कोरडा पडला असता. आताची क्षिप्रा म्हणजे वर्गाची तोफ. आणि या तोफेत दारू भरली होती ती पत्रांनी.

त्याचं असं झालं होतं. निसर्ग वादळाने वाडी झोपवली तेव्हा ती लहान होती. माड आणि पोफळी एकमेकांवर पडलेल्या, घराचे पत्रे कुठल्या कुठे, आणि होमस्टेच्या खोल्यांत आभाळ. सगळ्या माडांत एकच उभा राहिला, तोही कमरेत वाकून. पुढे खोल्या पुन्हा बांधल्या तेव्हा बाबांनी पाटीवर नाव लिहिलं 'वाकडा माड'. पण पाहुणे येईनात. मग एका सुट्टीत बाबा म्हणाले, "अगो, जुन्या पाहुण्यांचे मेलचे पत्ते आहेत आपल्याकडे. दोन ओळी लिही बघू त्यांना."

क्षिप्राने दोन ओळी नाही, दोन पानं लिहिली. नाव दिलं 'वाडीची खबर'. विहिरीत पडलेल्या बोक्याची गोष्ट, नव्या रोपांची बारशी, वाकड्या माडावर बसणाऱ्या घारीचा तोरा. खाली सही: तुमची क्षिप्रा. आणि काय सांगावं, उत्तरं आली! नाशिकच्या गोदावरीआजींनी लिहिलं, "बोक्याचं पुढे काय झालं ते न कळवता पत्र संपवणं हा गुन्हा आहे." कुणी फोटो मागितले, कुणी रोपांना नावं सुचवली. ज्या मुलीचं बोलणं घरात कुणी दोन मिनिटं सलग ऐकलं नव्हतं, तिची वाट बघणारी माणसं गावोगाव निघाली. मग दर सणाला खबर जायला लागली, पाहुणे यायला लागले, आणि क्षिप्राचा आवाज असा फुटला की संघर्ष सर म्हणाले, "बाई, आता जरा झाकण लाव."

यंदा मात्र काहीतरी बिनसलं होतं. आषाढातल्या खबरीला जेमतेम कुणी उत्तर दिलं. गणपतीतल्या खबरीला कुणीच नाही. गोदावरीआजींनीही नाही. क्षिप्राने त्यांच्यासाठी मुद्दाम बोक्याचा फोटो जोडला होता. आलेल्या मेलची पेटी चार-चारदा उघडून बघितल्यावर तिच्या मनात नको ती शंका आली. आजींचं वय झालं होतं. ती आईला म्हणाली होती, "आई, आजी गेल्या तर नसतील ना गं?" आणि आई तांदूळ निवडता निवडता, वर न बघता म्हणाली होती, "काहीतरीच काय! लोक कामात असतात. विसरतात गं माणसं."

विसरतात. तो शब्द क्षिप्राला बोटातल्या कुसळासारखा सलत राहिला होता. जयमाला मॅडमना शाळेत बोलवायची कल्पनाही तिचीच. मॅडम मागच्या वर्षी 'वाकडा माड'मध्ये राहून गेल्या होत्या. तिने त्यांना लांबलचक आमंत्रण पाठवलं, त्याचंही उत्तर नाही. शेवटी संघर्ष सरांनी फोन केला, तर मॅडम म्हणाल्या, "मेल? मला तर काहीच आलं नाही."

पडद्यावर आता एक वेडीवाकडी रेघ होती. मॅडम काठीने ती दाखवत होत्या.

"ही जगातल्या कचरा-मेलची भरती-ओहोटी. तुम्ही सगळे लहान होतात, काहींचा तर जन्मही नव्हता, तेव्हा दहा मेलमधले आठ-नऊ कचराच असायचे. आता प्रमाण निम्म्याच्या आसपास आलंय. मध्येच रेघ धाडकन खाली येते बघा. चोरांनी दूरवरून ताब्यात घेतलेले हजारो कॉम्प्युटर पोलिसांनी एकदम बंद पाडले की असं होतं. पण काही दिवसांनी पुन्हा चढते. कधी एका देशातून लाट येते, कधी दुसऱ्या. समुद्र काही आटत नाही."

"मग कोण पाठवतं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"हां, तिचा प्रश्न. काही पक्के चोर असतात. पण पुष्कळदा पाठवणाऱ्या माणसाला पत्ताच नसतो की आपल्या नावाने काय चाललंय. त्याच्या दाराची चावी दुसऱ्याच्या हातात गेलेली असते. म्हणजे हो, माझ्या ओळखीत असू शकतो. तुमच्याही."

"आणि यंत्राला कसं कळतं, कुठला मेल कचरा?" हे संघर्ष सरांनी विचारलं.

"यंत्राला माणसं कळत नाहीत, सर. माणसं काय करतात तेवढं कळतं. पुष्कळ लोकांनी एखाद्याचं पत्र कचऱ्यात टाकलं, की पुढच्या माणसाकडे ते आपोआपच कचऱ्यात जातं. मग त्याने खरं लिहिलेलं असो की खोटं. थांबा, माझीच कचरापेटी दाखवते. मीही बऱ्याच दिवसांत उघडलेली नाही."

पडद्यावर ओळीच ओळी उमटल्या. पोरं मोठमोठ्याने वाचायला लागली. "तुमचं पार्सल अडकलंय!" "टक्कल विसरा!" "परदेशातल्या काकांची इस्टेट!" हॉलभर हशा. मॅडम खाली खाली सरकवत होत्या, आणि मानसीचं हसू एकदम थांबलं.

"क्षिप्रा," ती कुजबुजली. "ते बघ."

टक्कल आणि इस्टेट यांच्या मधे, ठळक अक्षरांत: 'तुमची क्षिप्रा, वाकडा माड, दिवेआगर'. आणि पुढे विषय: 'नव्या माडाला पहिली पोय आली!'

"अरेच्चा," मॅडम म्हणाल्या, "ही तर आपली..." आणि त्यांचं बोट सवयीने दाबलं गेलं. पत्र उघडलं.

*नमस्कार, ओळखलंत ना? आमच्या नव्या माडाला पहिली पोय आली, फुलांचा पहिला तुरा. शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तर छातीशी धरून मुलगी उभी असावी, तशी दिसते. अशी वाडी तुमचीही असावी, नाही वाटत? समुद्रापासून चालत अंतरावर मोजकेच प्लॉट शिल्लक. आजच संपर्क साधा.*

खाली शेजारच्या सुजितकाकाचा फोन नंबर. आणि त्याच्याही खाली: तुमची क्षिप्रा.

"सापडला ओळखीतला!" मागच्या बाकावरून कुणीतरी आरोळी ठोकली, आणि हॉल असा फुटला की छतावरची कबुतरं उडाली. अमिषा सवयीने हसली, मग क्षिप्राचा चेहरा बघून तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. मॅडमनी घाईने पत्र बंद केलं. पण बंद करताना पेटी पुन्हा दिसली आणि क्षिप्राला जे बघायचं नव्हतं तेही दिसलं. तिची गणपतीतली खबर. तिची आषाढातली खबर. आणि 'मॅडम, आमच्या शाळेत याल का?' सगळी तिथेच. न उघडलेली. टकलाच्या औषधाशेजारी.

कुणी विसरलं नव्हतं. तिचं पत्र कुणाला पोचलंच नव्हतं.

व्याख्यान संपल्यावर मॅडम तिच्याजवळ आल्या. "अगं, मला कळलंच नाही. कुणीतरी तुमच्या मेलचा पासवर्ड चोरलेला दिसतोय. तो आधी बदल हां." क्षिप्राने मान हलवली. तिने दप्तर उचललं.

बाहेर अमिषा सायकलला आडवी आली. "सॉरी यार. माझ्यामुळे झालं. फणसपोळी आख्खी तुझी, डबासुद्धा तुझा."

"तुझ्यामुळे कशाला? तू फक्त प्रश्न दिलास," क्षिप्रा म्हणाली आणि पेडल मारलं.

चोरी सुजितकाकाने केली असावी, अशी तिची फार इच्छा होती. वाटभर ती त्याला मनातल्या मनात झोडपत होती. शेजारी म्हणे! काका म्हणे! पण पेडलच्या फेऱ्यागणिक एक वाक्य टोचत होतं. दप्तर छातीशी धरून उभी मुलगी. ते तिने अजून कुठेच लिहिलेलं नव्हतं. दिवाळीच्या खबरीसाठी राखून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात विहिरीपाशी उभं राहून, नव्या माडाकडे बोट दाखवून, ती फक्त एका माणसाजवळ बोलली होती.

नाही. सुजितकाकाने कुंपणापलीकडून ऐकलं असेल. त्याचे कान मोठेच आहेत.

सुजितकाका त्याच्या फाटकात प्लॉटचा नवा फलक बांधत होता. तिला बघून त्याने सुतळी दातांतून काढली. "काय गो लेखिकाबाई! आज तोंड का उतरलंय?"

"तुम्ही माझ्या नावाने प्लॉट विकता?"

"मग! आणि काय झकास चाललंय! तुझं नाव बघितलं की लोक उघडतात, माझं बघितलं की पुसतात. आता जरा थंडावलंय खरं, पण—"

"तुम्ही पासवर्ड चोरलात."

सुजितकाकाचा हात फलकावरच राहिला. "चोरला? ए पोरी, जपून बोल. तुमच्या घराची चावी माझ्या खुंटीला हाय. पुण्याला लग्नाला जाता तेव्हा तुमचा गणपतीसुद्धा माझ्याकडं असतो. मी चोरी करीन व्हय? तुझ्या बाबांना विचारलं, त्यांनी दिला. 'घराची चावी देतो, ह्याची नको?' म्हणाले."

"आणि लिहिलं कुणी?"

"आता मला का असलं येतंय! मी सरळ लिहिलं होतं, प्लॉट पाहिजे का म्हणून. तुझी आई हसली. म्हणाली, भाऊजी, असं कोण वाचेल? थांबा, मी देते." त्याने पुन्हा सुतळी दातांत धरली आणि तशीच बाहेर काढली, कारण तिचे डोळे भरलेले त्याला दिसले. "तुला ठाव न्हाय? मला वाटलं, तुम्ही तिघांनी मिळून ठरवलंय."

क्षिप्राने सायकल तिथेच त्याच्या कुंपणाला टेकवली आणि चालत घरी गेली. पाच पावलांवरचं घर फार लांब वाटलं.

अंगणात बाबा नारळ सोलत बसले होते. आई दोरीवरच्या चादरी काढत होती, शनिवारी पाहुणे यायचे होते. "आलीस? धर गं," आईने चादरीचं एक टोक पुढे केलं. क्षिप्राने ते सवयीने धरलं. लहानपणापासून चादरीच्या घड्या ती आणि आईच घालत. दोघी ताणायच्या, झटकायच्या, मग चार पावलं पुढे येऊन टोकाला टोक मिळवायच्या.

"आई, दप्तर छातीशी धरून कोण उभं असतं?"

चादर मधेच सैल पडली.

बाबांनी मान वर केली. "काय झालं?"

"आज सगळ्या शाळेने वाचलं, बाबा. पडद्यावर. जयमाला मॅडमच्या कचरापेटीत होतं. माझी खरी पत्रंही तिथेच होती. तुम्ही माझ्या नावाने जाहिरात पाठवलीत, लोकांनी ती कचऱ्यात टाकली, आणि आता यंत्र मलाच कचरा समजतं."

"अगो, मला हे यंत्राचं काय ठाऊक?" बाबांनी हातातला नारळ खाली ठेवला. "सुजितने मागितलं. वादळात त्याच्या पडवीत आपण महिनाभर राहिलो, विहिरीवरचा माड त्याने तोडून बाजूला केला तेव्हा पाणी मिळालं आपल्याला. तो दारात येऊन काही मागतो आणि मी नाही म्हणू? आपले पाहुणे आपण एकमेकांकडे पाठवतोच की. खोली भरली की 'शेजारी जा' म्हणतो. तसंच हे."

"पाहुणे पाठवता ते तुमचे. हे माझं नाव होतं."

"अगो, पण नाव घरचंच ना?"

क्षिप्रा आता बाबांकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती. बाबांचं तिला कळत होतं. बाबा सगळ्या गावाला चाव्या वाटत फिरणारा माणूस. चिडता येत होतं त्यांच्यावर, भांडता येत होतं. आईचं तसं नव्हतं.

"मी तुलाच सांगितलं होतं ते, आई."

आई चादरीच्या टोकाशी चाळा करत होती. "त्याचं लिहिणं रुक्ष होतं गं. मला वाटलं, तुझ्यासारखं लिहून बघावं. एक लिहिलं. मग आणखी लिहिली." तिचा आवाज बारीक झाला. "मला बरं वाटायचं लिहिताना. कुणीतरी आपलं वाचतंय असं. तुला वाटतं ना, तसंच."

हे ऐकून क्षिप्राचा राग क्षणभर डगमगला. आई, जिला तिने कधी वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिताना पाहिलं नव्हतं. पण मग तिला तांदूळ आठवले. निवडताना खाली घातलेली मान आठवली.

"उत्तरं बंद झाली तेव्हा मी तुला विचारलं होतं. गोदावरीआजी गेल्या का म्हणून विचारलं होतं. तेव्हा तुला माहीत होतं?"

आईने दोरीवरचा एक चिमटा काढला.

"आई, माहीत होतं?"

"त्यांचा फोन आला होता," आई म्हणाली. "गणपतीच्या आधी. म्हणाल्या, क्षिप्राने आता प्लॉटचा धंदा काढला का? मला नकोत असली पत्रं. मी बरं म्हटलं आणि ठेवला."

"काय?" बाबाही उठून उभे राहिले. हे त्यांनाही नवं होतं.

"तुला सांगणार होते गं. रोज सांगणार होते. पण तू इतकी वाट बघत होतीस, मला तोंड उघडवेना. म्हटलं, थोड्या दिवसांत विसरशील."

म्हणजे आजी जिवंत होत्या. धडधाकट होत्या. फोन करून भांडण्याइतक्या ठणठणीत होत्या. आणि एवढे दिवस त्यांना वाटत होतं की बोक्याची गोष्ट सांगणारी मुलगी त्यांना गिऱ्हाईक समजते. इकडे क्षिप्रा त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी, कुणाला न सांगता, देवापाशी दिवा लावत होती. आई त्या दिव्यात तेल घालत होती.

तिने चादरीचं टोक सोडलं. धुतलेली चादर मातीत पडली. आई उचलायला वाकली नाही.

"चुकलं माझं," आई म्हणाली. "मी आजच सुजितभाऊजींना सांगते, बंद करा. आपण पासवर्ड बदलू. दिवाळीची खबर तू लिही, मी हातसुद्धा लावणार नाही."

"हो, हो," बाबा म्हणाले. "झालं ते झालं. पाहुणे यायचेत परवा. हात-पाय धू, चहा घे."

एरवी क्षिप्रा पाय आपटत आत गेली असती, दार लावलं असतं आणि रात्री जेवायला बाहेर आली असती. या घरातली भांडणं तशीच मिटत. आज ती हलली नाही. सकाळी हॉलमध्ये उभी राहिली होती तशीच उभी राहिली, मान ताठ. फक्त आता कोपरं मारायला कुणी नव्हतं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज फुटला, पण तिने तो थांबवला नाही. "'वाकडा माड'ची पत्रं मी यापुढे लिहिणार नाही. पाटी तुमची, खोल्या तुमच्या, तो मेलचा पत्ताही तुमचा. आई, तुला लिहायला आवडतं ना? तू लिही. चांगलं लिहितेस. पण खाली तुझं नाव घाल. आणि मी आज माझा नवा पत्ता काढणार आहे, त्याची चावी कुणाच्या खुंटीला जाणार नाही. आधी गोदावरीआजींना फोन करणार. मग ज्यांनी ज्यांनी मला कधी उत्तर दिलं होतं, त्या एकेकाला पत्र लिहिणार, की प्लॉटची पत्रं माझी नव्हती. ती आमच्याच घरातून गेली. बाबांनी पासवर्ड दिला आणि आईने मजकूर. सुजितकाकाला मी दोष देणार नाही, त्याने निदान तुम्हाला विचारलं होतं. मला कुणीच विचारलं नाही, हेही लिहिणार. तुम्हाला लाज वाटेल, मला माहितेय. मला आज सगळ्या शाळेसमोर वाटली. आणि खाली मी नुसतं 'क्षिप्रा' लिहिणार. 'तुमची' परत लावायचं की नाही, ते ती माणसं ठरवतील."